पाचव्याचं धुणं

पिशवी उघडली तेव्हा आईचा वास आला नाही, बुरशीचा आला. बेनिता औकापुमानं नाक आणखी आत खुपसलं. तळाशी तरी असेल. तळाशीही नव्हता. मग तिनं शाल बाहेर काढून पलंगावर पसरली आणि दिवा लावला, कारण लिमात जुलै महिन्यात भरदुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. आभाळ गच्चीपर्यंत खाली उतरून बसलेलं असतं आणि पाऊस म्हणावा असं काही न पडता सगळं ओलं होत राहतं, भिंती, पाव, काड्यापेटी, माणसांचे आवाजसुद्धा. शालीच्या लाल पट्ट्यावर, आईच्या छातीशी गाठ यायची तिथं, तळहाताएवढा करडा डाग उठला होता. केसाळ होता. पुसायला गेली तर बोटाला लागला. दर रविवारी सकाळी पिशवी उघडायची, एकदाच हुंगायचं आणि पुन्हा घट्ट गाठ मारायची, हा आई गेल्यापासूनचा तिचा नेम. एवढं चिक्कूपणानं पुरवून पुरवून वापरलेलं आपलं धन या शहराच्या हवेनं परस्पर खाऊन टाकलं, हे पचायला तिला वेळ लागला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खाट सरकवत होतं. शालीच्या एका कोपऱ्यात, डागापासून लांब, अजून थोडा धूर होता, निलगिरीच्या लाकडाचा, आईच्या चुलीचा. तेवढाच उरला होता आणि तोही आता जाणार होता.

शाल धुवायला हवी होती हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिच्या मुलखात माणूस गेलं की पाचव्या दिवशी त्याचे अंगावरचे कपडे वाहत्या पाण्यावर नेऊन धुतात, आणि मगच ते माणूस मोकळं होऊन जातं. पण ते धुणं रक्ताच्या माणसानं धुवायचं नसतं. जावयानं, सुनेनं, धर्मलेकानं, कुणी मानलेल्या नात्यातल्यानं धुवायचं. रक्ताची माणसं काठावर पाण्याकडं पाठ करून बसतात आणि वळून बघत नाहीत. आईला मातीत ठेवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बेनिता लिमाला परतली होती. दुकानातून रजा मिळत नव्हती, हे कारण खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. आईचे घागरे दगडावर आपटल्याचा आवाज पाठीवर घेत बसणं आपल्याला झेपणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. निघताना खुंटीवरची शाल तिनं ओढली आणि गुंडाळून बॅगेत कोंबली. पाचवा झाल्यावर शेजारच्या सातुकामावशीचा फोन आला. "सगळं धुतलं गं पोरी. घागरे, स्वेटर, टोपी. पाऊस आला, भिजलो, रडलो, मग पिऊन हसलोसुद्धा. तुझ्या आईच्या स्वेटरच्या बाहीतनं वाटाणे निघाले, बघ! एक ती शाल तेवढी राहिली. तुझ्याकडंच आहे ना ती? तुझ्या माणसांकडून धुवून घे तिथं. तू हात लावू नको हां. आणि कोंडून तर अजिबात ठेवू नको. ती दारात उभी राहील, ना आत ना बाहेर."

तुझ्या माणसांकडून. सातुकामावशी किती सहज बोलून गेली. माणसं असतातच, जशी घरात पातेली असतात, असाच तिचा हिशेब. बेनितानं फोन ठेवल्यावर उगाचच मनातल्या मनात माणसं शोधली. ती चौदाव्या वर्षी लिमाला आली, कुणाच्या घरी काम केलं, रात्रशाळा केली, आणि आता कित्येक वर्षं ब्रेन्या भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात आतल्या अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलते. हे स्पष्ट दिसतं, की हे? आता हे, की हे? दिवसभर लोकांच्या इतक्या जवळ तोंड नेऊन बसायचं की त्यांनी जेवायला काय खाल्लं ते कळतं, आणि ते उठून गेले की रस्त्यात ओळखू येत नाहीत. लूचो नावाचा एक माणूस होता. लग्नापर्यंत गोष्ट आली होती, मग तो कामासाठी चिलीला गेला आणि तिकडंच त्याला कोणीतरी भेटली. दुकानातली हायदी एकदा म्हणाली होती, माझ्या लेकीची धर्मआई हो ना गं बेनिता. आणि बेनिता म्हणाली होती, मला नाही जमायचं, मी कुठं कुणाच्या घरी जाते-येते. हायदी हसून बरं म्हणाली, पण त्यानंतर डब्यातलं पूर्वीसारखं पुढं करेनाशी झाली. तेव्हा बेनिताला सुटल्यासारखं वाटलं होतं. नातं म्हणजे देणं-घेणं, आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या, कायमचं कुणाचं तरी काहीतरी अंगावर. आपल्या अंगावर कुणाचं काही नाही, याचा तिला अनेक वर्षं एक छुपा ताठा होता. आता त्या पलंगावर बसून तिनं पाहिलं की अंगावर कुणाचं काही नाही, म्हणजे शाल धुवायलाही कुणी नाही.

राष्ट्रीय सणाची सुट्टी आली तशी ती आपल्या गावाच्या वाटेवरच्या कुस्कोला गेली. गावी नाही, सहलीला. गावात आता होतं कोण? घर चुलत्याच्या मुलांनी कुलूप लावून टाकलं होतं, सातुकामावशीला तिचा मुलगा जंगलाकडच्या गावी घेऊन गेला होता. थडग्यावर जाता आलं असतं, पण न धुतलेली शाल घेऊन आईपुढं उभं राहायची हिंमत नव्हती. म्हणून मग ब्रेन्यातल्या एका कोपऱ्यावरच्या ट्रॅव्हलवाल्याकडून तिनं स्वस्तातली देशी पर्यटकांची सहल घेतली, नाश्ता धरून, आणि पाठीवरच्या पिशवीत स्वेटरखाली ती शाल ठेवली. तिच्या मनातला बेत असा होता, तो बेत म्हणावा इतका धडका नव्हताच, की जाऊ, पाणी बघू, कुणीतरी भेटेल.

सकाळी बस निघाली तेव्हा विल्बेर नावाचा गाईड माईक हातात घेऊन म्हणाला, "कुटुंब! उठलंय का माझं कुटुंब? आजच्या दिवसापुरते आपण सगळे एका आईची लेकरं. कुणी हरवायचं नाही, कुणी रुसायचं नाही, आणि ज्याला लागली असेल त्यानं आत्ताच सांगा." बस हसली. इकडचे सगळे गाईड आपल्या गिऱ्हाइकांना कुटुंबच म्हणतात, त्यात नवल काही नाही, पण बेनिताला उगाचच कानाशी कुणी टिचकी मारल्यासारखं झालं. शेजारी पिउराहून आलेली सेन्योरा नोएमी बसली होती, बँकेतून निवृत्त झालेली विधवा, हातात लोकरीचे हातमोजे, गळ्यात उशी. तिनं पहिल्या वळणाच्या आत आपल्या गुडघ्यांची, मुलांची आणि जावयाच्या कंजुषीची सगळी हकिगत सांगून टाकली आणि मग विचारलं, "आणि तू? लिमाची?"

"लिमाची," बेनिता म्हणाली. खोटं नव्हतं.

"मग तुला थंडी बाधणार. मला तर बाई, हे डोंगर बघून छातीत कसंतरीच होतं. एवढं मोठं काहीतरी आपल्याकडं बघतंय आणि बोलत मात्र नाही."

त्या बाईला आपण काय बोलून गेलो ते कळलं नाही, पण बेनितानं खिडकीकडं तोंड वळवलं ते त्यासाठीच. पठार संपून दरी उघडत होती आणि पलीकडं वाकाय विल्काचं हिमशिखर उभं होतं, लख्ख, कडा अन् कडा दिसेल असं. लिमाच्या ओल्या हवेतून आलेल्या डोळ्यांना हे ऊन सोसत नाही. बसमधल्या सगळ्यांनी फोन वर केले. आई रोज सकाळी अंगणात येऊन कोकाची तीन पानं बोटांत धरायची, त्यांच्यावर या शिखराच्या दिशेनं हळू फुंकर घालायची आणि घरातल्या एकेकाचं नाव घ्यायची. बेनिता लिमाला गेल्यावरही आई तिचं नाव घेत राहिली असणार. वडील गेले, भाऊ होता तो लहानपणीच गेला, म्हणजे शेवटी शेवटी आईकडं फुंकर घालायला एकच नाव उरलं होतं. आणि आता तेही घेणारं कुणी नाही. डोंगराला आता माझी खबरच लागत नसेल, असं तिच्या मनात आलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तिनं उन्हावर ढकललं.

चिंचेरोला त्यांना आधी इंकांच्या जुन्या भिंतीपाशी नेलं. विल्बेरनं भिंतीतले कोनाडे दाखवले, दगडांच्या मध्ये सुई जात नाही ते सांगितलं, आणि सेन्योरा नोएमीनं खरंच पर्समधून सेफ्टीपिन काढून घालून बघितली. मग विणकर बायांचं अंगण. लाल जाकिटं, सपाट टोप्या, वेण्या. एक पन्नाशीची, सेबास्तियाना नावाची, मातीच्या वाडग्यात एक मूळ किसून पाण्याचा फेस काढत होती. मळकी लोकर तिनं त्यात बुडवून पिळली ती पांढरीशुभ्र निघाली, आणि सगळे ओ करून ओरडले. "आमची वॉशिंग मशीन," सेबास्तियाना म्हणाली. "आणि हे हाड बघा, धागे ठोकायला. कुणाचं आहे ओळखा? मागच्या वर्षी एक जण आला, सगळं बघितलं आणि काही न घेताच निघाला." लोक हसले आणि घाईघाईनं शाली बघायला उठले. बेनिता वाडग्यापाशीच राहिली. फेस अजून फुटत होता. ते मूळ, तो वास, आई त्यानंच केस धुवायची. हिला सांगावं. त्यात काय एवढं? तिनं पिशवीतून शाल काढली आणि गावाकडच्या केचुआ बोलीत, जी तिच्या तोंडात आता जुन्या किल्लीसारखी अडकत फिरायची, म्हणाली, "ताई, एवढी धुवून द्याल का?"

सेबास्तियानानं शाल हातात घेतली, उलटी केली, विणीवरून बोट फिरवलं. "ही आपल्या दरीतली वीण आहे. चिकोन डोंगराच्या पायथ्याची. तू तिकडची?" मग तिचं बोट गाठीच्या जागी थांबलं. ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "कुणाची आहे?"

"आईची."

"आहे का आई?"

बेनितानं नाही म्हणून मान हलवली. सेबास्तियानानं शाल लगेच टाकली नाही, हे तिचं मोठेपण. नीट घडी घातली, बेनिताच्या हातात परत ठेवली आणि पदराला हात पुसावेत तसे घागऱ्याला हात पुसले. "या वाडग्यात नाही गं, बहिणी. हा आमचा पोटाचा वाडगा आहे, यात आम्ही पाहुण्यांना गंमत दाखवतो. गेलेल्या माणसाचं वाहत्या पाण्याला द्यायचं असतं, तुला ठाऊक आहे. आणि मी कोण तुझी? जावई आणावा."

"नाही मला."

"भावाची बायको?"

"भाऊ नाही."

"धर्मलेक? धर्मबहीण? कुणी तरी असेलच की."

"कुणी नाही," बेनिता म्हणाली. सेबास्तियाना तिच्याकडं बघत राहिली, आणि त्या बघण्यात तिरस्कार असता तर सोसता आला असता. "कुणीच नाही?" ती म्हणाली, इतक्या साध्या आश्चर्यानं, की तुझ्या हाताला बोटं नाहीत का असंच कुणी विचारावं. तेवढ्यात एका पोराच्या आईनं लोकरीचा लामा केवढ्याला म्हणून हाक मारली आणि ती तिकडं गेली. बसमध्ये सेन्योरा नोएमीनं शाल पाहिली. "अगं, ही किती सुंदर! इथं घेतलीस? पण डाग आहे गं हिला. फसवलं तुला. हॉटेलात दे, ते धुऊन इस्त्री करून संध्याकाळी खोलीत आणून देतात." "देते," बेनिता म्हणाली. त्या बाईचा एक शब्दही वाईट नव्हता. आणि क्षणभर तिला खरंच वाटलं, द्यावी. हॉटेलातला तो माणूस ना जावई ना सून, पण परका तर परका. मशीनचं पाणीही वाहतंच की. मग तिला दिसलं, आईची शाल कुणाच्या तरी टॉवेलांबरोबर गोल गोल फिरतेय, आणि आई काचेआडून बघतेय, ना आत ना बाहेर.

मोराईला खोल गोल गोल उतरत गेलेल्या पायऱ्यांच्या शेतांभोवती सगळे उभे राहिले. विल्बेर सांगत होता, तळाशी ऊब असते, वर थंडी, प्रत्येक पायरीवर हवा वेगळी. बेनिताच्या कानात एकच शब्द घुमत होता. कुणीच नाही. तिला आठवलं, ती सहा-सात वर्षांची असताना आईबरोबर कुणाच्या तरी पाचव्याला गेली होती. आई तेव्हा धुणाऱ्यांत होती, घागरा खोचून मांड्यांपर्यंत पाण्यात, आणि मोठमोठ्यानं हसत होती. बेनिताला धक्का बसला होता, माणूस मेलंय आणि आई हसते कशी? नंतर वाटेत आई म्हणाली, जे रडायचे ते काठावर रडतात, आपण धुणाऱ्यांनी हसायचं, नाहीतर कपडा जड होतो. त्या दिवशी आईचे हात पाण्यानं लाल झाले होते आणि तिनं ते बेनिताच्या गालांना लावून तिला किंचाळायला लावलं होतं. पुढं उरुबांबा सोडल्यावर बस निलगिरीच्या रांगेपाशी आली. उजवीकडं आईच्या गावाचा फाटा. बेनितानं श्वास धरला. बस थांबली नाही. थांबावी कशाला? तिकिटावर त्या गावाचं नाव नव्हतं. फाट्यावर एक कुत्रं बसलं होतं, ते मागं वळून बसकडं बघत राहिलं, आणि बेनिताही मान वाकडी करून त्याच्याकडं, तो ठिपका होईपर्यंत.

ओयांताय्तांबोला दुपार कलायला लागली होती. उंच उंच पायऱ्यांची तटबंदी, तिच्यावर ते सहा प्रचंड गुलाबी दगड, आणि वारा असा की टोपी धरून बोलायचं. पर्यटकांची रांग मुंग्यांसारखी चढत होती. सेन्योरा नोएमी निम्म्यातच बसली आणि म्हणाली, माझ्यासाठी बघून ये. वर पोचल्यावर विल्बेर म्हणाला, "कुटुंब, हे दगड समोरच्या डोंगरावरून आणले, नदी ओलांडून. आणि काही दगड वाटेतच राहिले. त्यांना इकडं दमलेले दगड म्हणतात. ते अजून वाटेतच पडून आहेत." सगळ्यांनी दगडांपुढं फोटो काढले. बेनिताला कुणीतरी विचारलं, तुमचा काढू? ती नको म्हणाली. मग खाली बघितलं. गावाच्या वरच्या अंगाला जो ओढा डोंगरातून उतरतो, त्याच्या काठच्या दगडांवर कपडे वाळत पसरले होते. पण नुसते वाळत घातलेले नव्हते. एक विजार, तिच्यावर सदरा, सदऱ्याच्या वर टोपी, जागच्या जागी, एक माणूस उताणा झोपलाय असं. आणि थोडं अलीकडं, पाण्याकडं पाठ करून, काळ्या शालीत एक बाई बसली होती.

बेनिता पायऱ्या उतरू लागली तेव्हा तिला आपण काय करणार आहोत हे माहीत नव्हतं. फक्त जवळून बघायचं, एवढंच. आपण नाही बसलो, तर ती कशी बसलीय ते बघावं. ती ओढ्यापाशी पोचली आणि जॅकेटच्या खिशात हात घालून दगडापाशी उभी राहिली, पर्यटक उभे राहतात तशी. काठावर पाच-सात माणसं पाठमोरी बसली होती, मधे चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा हंडा आणि कोकाची पानं. ओढ्यात एकच तिशीतला गडी उभा होता आणि भिजून दगड झालेला लोकरी पोंचो उचलायला बघत होता. काठावरची एक पोटुशी मुलगी तोंडावर हात घेऊन हसत होती. "अरे रोसेंदो, तो तुला ओढून नेईल पार जंगलात!" आणि मग पाठमोऱ्यांतलीच एक म्हातारी, टोपीखाली दात कमी आणि आवाज जास्त, अर्धवट मान वळवून ओरडली, "ए ताई! जॅकेटवाली! तू कुणाची गं?"

बेनितानं मागं बघितलं. मागं कुणी नव्हतं. "कुणाचीच नाही," ती केचुआत म्हणाली, आणि आपल्याला आज दुसऱ्यांदा हे सांगावं लागतंय याची तिला लाज वाटली.

"फेलिसियानोच्या नात्यातली नाहीस?"

"नाही."

"तेओदोसियाच्या माहेरची?"

"नाही, माय. मी कुणाचीच नाही."

"मग उभी काय राहिलीस!" म्हातारी इसिदोरा म्हणाली. "देवच पावला! इथं आम्ही सगळी त्याच्या रक्ताची निघालो आणि धुवायला माणूस नाही. मी बहीण, हे भाऊ, हे पुतणे, आणि ही त्याची बायको, तिनंही पाठ करूनच बसायचं. धर्मलेक दोघं, तर दोघंही सीझन म्हणून पर्यटकांची ओझी घेऊन डोंगरात गेलेत. सून पोटुशी, तिनं हात लावायचा नाही. राहता राहिला हा जावई, तो पोंचोशी कुस्ती खेळतोय सकाळपासून आणि पोंचो जिंकतोय. बूट काढ. ये."

बेनितानं बूट काढले. पाण्यात पाय घातला तेव्हा गारठा हाडांतून वर चढून दातांत आला. हिमाचं पाणी होतं ते. पोंचोचं एक टोक तिनं धरलं, एक रोसेंदोनं, आणि दोघांनी तो पिळला, आपटला, पुन्हा बुडवला. त्याला कोरड्या मातीचा, कापलेल्या गवताचा वास होता. इसिदोरा पाठमोरी बसूनच सांगत होती, तिचा भाऊ या किल्ल्याच्या पायऱ्यांवरचं गवत विळ्यानं कापायचा, जन्मभर तेच काम, आणि वर बसून पर्यटकांना चुकीच्या दिशेनं बाथरूम दाखवायचा. सगळे हसले. रोसेंदोनं विजारीचा खिसा उलटा केला, त्यातून भाजलेली घेवड्याची बी निघाली. "सासरेबुवा, मला नाही दिलीत ती!" तो ओरडला आणि पुन्हा हशा झाला. बेनिताही हसली. तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, फार खालून आला होता. कपडा जड होता, पण हसल्यावर खरंच जरा हलका उचलला गेला.

"हा हात नवा आहे," काळ्या शालीतली बाई म्हणाली, न वळता. तिचा आवाज बसलेला होता. "आपटण्यावरून कळतं. दमानं आपटते. कुणी शिकवलं गं?"

"आईनं," बेनिता म्हणाली.

किल्ल्याच्या दारातून विल्बेर धावत आला, हातात झेंडी. "सेन्योरिता! माझं कुटुंब पूर्ण होत नाहीये, एक कमी भरतंय! बस सुटतेय कुस्कोला!" त्याच्यामागं सेन्योरा नोएमी लंगडत येत होती. पाण्यात उभ्या बेनिताला बघून ती जागीच थांबली. "अगं वेडे, निमोनिया होईल! कोण आहेत ही माणसं तुझी?"

"कुणी नाहीत," बेनिता म्हणाली. "तुम्ही व्हा पुढं. मी येईन मिळेल त्या गाडीनं."

नोएमीनं बेनिताचे लाल झालेले हात बघितले, आपले लोकरीचे हातमोजे काढले, बेनिताच्या बुटांवर ठेवले आणि विल्बेरचा हात धरून परत फिरली. बसचा हॉर्न दोनदा वाजला आणि मग वाजायचा थांबला.

शेवटचा मोजा धुऊन झाल्यावर बेनिता काठावर आली. इसिदोरानं तिच्या हातात चिचाचा पेला दिला. बेनितानं आधी दोन थेंब जमिनीला दिले, हात आपोआप तसा वळला. "तू आमचं धुतलंस," इसिदोरा म्हणाली, आता हसू संपवून. "आमच्या अंगावर राहिलं तुझं. सांग, कधी यायचं आम्ही? घर बांधायचंय? बटाटे काढायचेत? बोल."

बेनिताला "काहीच नाही" असं म्हणायचं होतं. काही नको, माय, असू दे. इतक्या वर्षांची सवय ओठांवर येऊन बसली होती. तिनं पिशवी उघडली, स्वेटर बाजूला केला आणि शाल बाहेर काढली. सगळ्यांना कळलं. कुणी काही विचारलं नाही, कोण, कधी, इतके दिवस का. रोसेंदोनं ओले हात पुसून पुढं केले. आणि तिथंच बेनिताचे हात आखडले. तो कोपरा. त्या कोपऱ्यात अजून धूर होता. ही एवढी दिली की जगात आईचा वास कुठंच उरणार नाही, ना पिशवीत, ना घरात, ना कुणाच्या अंगावर. ती शाल छातीशी धरून उभी राहिली आणि रोसेंदो हात पुढं करून उभा राहिला, आणि त्यानं घाई केली नाही. "द्या ताई," शेवटी तो म्हणाला. "त्यांनाही थंडी वाजत असेल, इतके दिवस बाहेर." बेनितानं तो कोपरा तोंडाशी नेला, एकदाच हुंगला आणि दिली.

फेलिसियानोच्या बायकोनं, काळ्या शालीतल्या तेओदोसियानं, बसल्या बसल्या जरा सरकून जागा केली. बेनिता तिच्याशेजारी बसली, पाठ पाण्याकडं, तोंड डोंगराकडं. वाकाय विल्कावर शेवटचं ऊन होतं. मागं कपडा पाण्यात पडल्याचा आवाज आला, मग दगडावरचा पहिला आपटा, आणि तिची मान आपोआप वळायला लागली. तेओदोसियानं तिचं मनगट धरलं. म्हातारीची बोटं कोरडी आणि कडक होती. "नाही वळायचं. वळलं की ती थांबते." दुसरा आपटा. तिसरा. ज्या आवाजाला भिऊन ती लिमाला पळाली होती तो हाच होता, आणि तो एका कपड्याचा आवाज होता. तिला रडू आलं ते तिनं थोपवलं नाही. काठावर रडायचंच असतं.

"मघाशी मी ऐकलं," बऱ्याच वेळानं तेओदोसिया म्हणाली. "तू म्हणालीस, कुणाचीच नाही. अशानं ती जायची नाही. तिला वाटेल, पोरगी उघड्यावर टाकून चाललेय. सांग तिला. कुणाची तू?"

"ग्रेगोरियाची," बेनिता म्हणाली.

"पाण्याचा केवढा आवाज आहे बघ. तिला कसं ऐकू जाईल?"

"ग्रेगोरियाची!" बेनिता ओरडली, डोंगराकडं तोंड करून, जितकं ओरडता येईल तितकं. "मी ग्रेगोरियाची बेनिता!"

मागचं आपटणं थांबलं. मग रोसेंदोनं शाल पुन्हा पाण्यात सोडली, आणि धुणं पुढं सुरू झालं.